जपानीतील पहिले ‘मेन्सेत्सु’: मराठीच्या आधाराने करायची तयारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात चार वर्षे जावा या प्रोग्रामिंग भाषेत काम केले आहे, जपानी भाषेच्या डिसेंबरमधल्या परीक्षेत एन-2 (पाच पातळ्यांपैकी वरून दुसरी) उत्तीर्ण झाला आहात, टोकियोतील एका मध्यम आकाराच्या कंपनीने पुढच्या महिन्यात ऑनलाइन मुलाखत, म्हणजे ‘मेन्सेत्सु’, ठेवली आहे, ती संपूर्णपणे जपानीत होणार आहे, आणि वाचलेले सगळे समजत असूनही समोरचा माणूस बोलू लागला की एकही शब्द सुचत नाही. हाताशी असलेल्या एका महिन्यात नेमके काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी स्वतः पुण्यात जपानी शिकले, 2008 पासून टोकियो परिसरात सॉफ्टवेअरच्या कामात आहे आणि गेली 11 वर्षे आमच्या विभागासाठी येणाऱ्या उमेदवारांच्या तांत्रिक मुलाखतीत प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एक असते. त्यामुळे दोन्ही बाजूंचे सांगता येईल. आधी उमेदवार म्हणून काय घडले ते सांगते, कारण तुमचा महिना कशावर खर्च करायचा याचे उत्तर त्यातच आहे.

माझी पहिली जपानी मुलाखत 2007 साली पुण्यातच झाली. तेव्हा जपानीच्या परीक्षेला चारच पातळ्या होत्या; आताच्या एन-1 ते एन-5 या पाच पातळ्या 2010 पासून आल्या. मी तेव्हाची दुसरी पातळी, म्हणजे ‘निक्यूउ’, उत्तीर्ण होते आणि शब्दसंग्रह चांगला आहे अशी माझी समजूत होती. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी मी तयार केलेल्या एका स्क्रीनबद्दल विचारले की, याला ‘कोओसुउ’ किती? मी ‘कोसुउ’ असे ऐकले. ‘कोसुउ’ म्हणजे नगांची संख्या. ‘कोओसुउ’ म्हणजे कामाला लागणारे मनुष्यबळ, जे तिथल्या कंपन्या माणूस-दिवस किंवा माणूस-महिने यांत मोजतात. स्क्रीनवर किती घटक आहेत असे ते विचारत असावेत असे धरून मी ‘नाना देसु’, म्हणजे सात आहेत, असे उत्तर दिले. ते क्षणभर थांबले आणि त्यांनी विचारले, ‘निन्गेत्सु देसु का?’ हा शब्द मी त्याआधी कधीही ऐकलेला नव्हता. मी मान हलवून ‘हाइ’ म्हटले. एका साध्या स्क्रीनला सात माणूस-महिने लागले, असा त्या ‘हाइ’चा अर्थ झाला होता. काही दिवसांनी नकार आला आणि मध्यस्थी करणाऱ्या समन्वयक बाईंनी कारण विचारून मला कळवले: भाषा कच्ची आहे, ती इथे येऊन सुधारेल, पण उमेदवार ‘काकुनिन’ करत नाहीत. काकुनिन म्हणजे खातरजमा.

आता प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूने पाहताना मला त्या नकाराचे कारण पूर्णपणे पटते. ग्राहक जपानीत गरज सांगतो, ती ऐकून आपण रचना करतो, आणि न समजता म्हटलेला एक ‘हाइ’ दोन-तीन महिन्यांनी जोडणी-चाचणीच्या वेळी बाहेर येतो. तोवर त्या गैरसमजावर सगळी इमारत उभी राहिलेली असते. म्हणून परदेशी उमेदवाराचे व्याकरण किती शुद्ध आहे यापेक्षा, एखादी गोष्ट समजली नाही तेव्हा हा माणूस काय करतो, याकडे आमचे लक्ष असते. मुलाखतीत असा प्रसंग मुद्दाम आणावा लागत नाही, तो येतोच. तुम्हाला भीती वाटते ती नेमकी याच प्रसंगाची, आणि तयारी करायची आहे तीही याच प्रसंगाची.

त्यासाठी थोडी वाक्ये अशी पाठ करा की झोपेतून उठवले तरी ती तोंडात आली पाहिजेत. संपूर्ण प्रश्न निसटला असेल तर ‘मोओशिवाके गोझाइमासेन, मोओ इचिदो ओस्शात्ते इतादाकेमासु का’, म्हणजे क्षमा करा, पुन्हा एकदा सांगाल का. विचार करायला वेळ हवा असेल तर ‘सुकोशि कान्गाएते मो योरोशिइ देशोओ का’. एकच शब्द अडला असेल तर तेवढाच शब्द उचलून विचारा: ‘निन्गेत्सु तो इउ नो वा, दोओ इउ इमि देशोओ का’. मराठीत ‘निन्गेत्सु म्हणजे काय?’ असे आपण विचारतो तेव्हा आपला ‘म्हणजे’ हा ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आलेला असतो, आणि जपानीतला ‘तो इउ नो वा’सुद्धा ‘इउ’, म्हणजे म्हणणे, यावरच उभा आहे. सर्वांत मोलाचे वाक्य मात्र ‘... तो इउ रिकाइ दे योरोशिइ देशोओ का’ हे आहे: ‘... असे मी समजतो आहे, ते बरोबर आहे ना?’ प्रश्न अर्धवट समजला असेल तर जेवढा समजला तेवढा आपल्या शब्दांत मांडायचा आणि शेवटी हे वाक्य जोडायचे. समोरचा एकतर होकार देतो किंवा चूक दुरुस्त करतो, आणि दोन्ही वेळा तुमच्याबद्दलचे त्याचे मत चांगलेच होते. एका मुलाखतीत हे दोन-तीनदा करावे लागले तरी मुळीच संकोच बाळगू नका.

एन-2 असूनही बोलताना अडखळायला होते, याचे वाईट वाटून घेऊ नका. त्या परीक्षेत बोलण्याचा विभागच नाही. 105 मिनिटांत शब्द, व्याकरण आणि वाचन, त्यानंतर 50 मिनिटे श्रवण, आणि सगळी उत्तरे पर्याय निवडून द्यायची. 180 पैकी 90 गुण आणि प्रत्येक विभागात 60 पैकी किमान 19 मिळाले की उत्तीर्ण. म्हणजे ओळखण्याची परीक्षा तुम्ही दिली आहे, घडवण्याची दिलेली नाही. आपण व्याकरणाचे जे साचे पानावर पाहून ओळखतो, ते तोंडातून निघायला वेगळा सराव लागतो, आणि तो सराव कुठून सुरू करायचा याबाबत माझे मत ठाम आहे: मराठीतून.

आपल्याकडच्या बहुतेक डेव्हलपर मंडळींची सवय अशी असते की कामाचे सगळे विचार इंग्रजीत येतात, कारण काम इंग्रजीत झालेले असते, आणि मग ते इंग्रजी वाक्य जपानीत वळवायचा प्रयत्न होतो. इंग्रजीत क्रियापद आधी आणि तपशील मागाहून येतो. जपानीत तपशील आधी आणि क्रियापद अगदी शेवटी. त्यामुळे बोलणारा प्रत्येक वाक्य मनात उलटे करत बसतो आणि मध्येच धागा सुटतो. मराठीला हे उलटे करणे लागतच नाही. ‘आमच्या टीमने बनवलेली सिस्टिम’ याचे जपानी ‘चिइमु गा त्सुकुत्ता शिसुतेमु’ असे होते: टीमने, बनवलेली, सिस्टिम, त्याच क्रमाने. कर्त्यामागून येणारा ‘ने’, कर्मामागून येणारा ‘ला’, ‘मध्ये’, ‘पासून’, ‘पर्यंत’ हे सगळे आपल्याकडे नामानंतर येतात, तिथेही नामानंतरच येतात.

याहून उपयोगी साम्य जोडक्रियापदांत आहे. आपण ‘करून पाहिले’ म्हणतो, तिथे जपानीत ‘यात्ते मिता’ म्हणतात, आणि ‘मिरु’ म्हणजे पाहणेच. आपण ‘करून ठेवले’ म्हणतो, तिथे ‘यात्ते ओइता’, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणेच. ‘होऊन बसले’, ‘करून बसलो’ यांतली हळहळ ‘शिते शिमात्ता’मध्ये जशीच्या तशी उतरते. इंग्रजीत या छटा एका क्रियापदात मावत नाहीत, म्हणून इंग्रजीतून आलेला उमेदवार त्या वापरतच नाही, आणि त्याचे जपानी बरोबर असूनही कोरडे लागते. मराठी माणसाने त्या न वापरणे म्हणजे घरात विहीर असताना पाण्यासाठी वणवण करणे आहे.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते एका उत्तरावरून दाखवते. ‘कामात झालेली एखादी चूक आणि ती कशी हाताळली ते सांगा’ हा प्रश्न जवळजवळ नक्की येतो. समजा, तुमचे मराठी उत्तर असे आहे: ‘गेल्या वर्षी रात्रीची बॅच दोनदा चालली आणि सुमारे 20 लाख नोंदी दुहेरी होऊन बसल्या. बॅकअप घेऊन ठेवला होता, त्यामुळे सकाळपर्यंत पूर्ववत करता आले. लॉग तपासून पाहिल्यावर लॉकची व्यवस्था नसल्याचे समजले.’ आता जपानी ऐका. ‘साकुनेन, याकान बाच्चि गा निजुउ नि जिक्कोओ सारेते, याकु निह्याकुमान्केन नो देएता गा चोओफुकु शिते शिमाइमाशिता.’ शेवटचे ‘शिते शिमाइमाशिता’ हे आपले ‘होऊन बसल्या’. ‘बाक्कुआप्पु ओ तोत्ते ओइता नोदे, आसा मादे नि मोतो नि मोदोसेमाशिता.’ इथे ‘तोत्ते ओइता’ म्हणजे घेऊन ठेवला होता, ‘नोदे’ म्हणजे त्यामुळे, ‘आसा मादे नि’ म्हणजे सकाळपर्यंत. ‘रोगु ओ शिराबेते मिरु तो, रोक्कु नो शोरि गा नाइ कोतो गा वाकारिमाशिता.’ लॉग, तपासून पाहिल्यावर, लॉकची व्यवस्था, नसल्याचे, समजले. एकाही शब्दाला जागा बदलावी लागली नाही.

या उत्तरात अजून एक वाक्य हवे आणि तेच बहुतेक जण विसरतात. जपानी कंपनीत चुकीची गोष्ट ‘साइहात्सु बोओशि’ सांगितल्याशिवाय पूर्ण होत नाही; ती चूक पुन्हा घडू नये म्हणून काय बदल केला, हा त्याचा अर्थ. लॉकची व्यवस्था जोडली, चालवण्यापूर्वीच्या तपासणी-यादीत एक ओळ वाढवली, इतके साधे असले तरी चालते, पण ते सांगितले पाहिजे. आणि चूक खरी सांगा. ‘मी फार परिश्रम करतो हीच माझी चूक’ अशा धाटणीची उत्तरे ऐकून कोणी फसत नाही, उलट हा माणूस कामावर अडचण लपवील अशी शंका येते.

वरच्या उत्तरातला आकडा मुद्दाम घेतला आहे, कारण आकड्यांत आपली माणसे फार घसरतात. जपानी मोजणी दहा हजारांच्या पटीत चालते. दहा हजार म्हणजे एक ‘मान’, आणि दहा हजार ‘मान’ म्हणजे एक ‘ओकु’. मिलियनमधून तिकडे जायला जाल तर बोलण्याच्या ओघात गोंधळ ठरलेला, लाखातून जा. लाखांचा आकडा दहाने गुणा आणि पुढे ‘मान’ लावा. 20 लाख म्हणजे 200 मान, ‘निह्याकुमान’. एक कोटी म्हणजे 1000 मान, ‘इस्सेन्मान’. दहा कोटी म्हणजे एक ‘ओकु’. तुमच्या प्रकल्पांतले सगळे आकडे, म्हणजे वापरकर्ते, दररोजचे व्यवहार, तक्त्यांतल्या नोंदी, असे आधीच रूपांतरित करून एका कागदावर लिहून ठेवा आणि मोठ्याने म्हणा. 20 लाखांच्या जागी ‘निजुउमान’ म्हणून 2 लाख सांगणारे चांगले अनुभवी उमेदवार मी पाहिले आहेत. पुढचा सगळा संवाद मग चुकीच्या प्रमाणावर चालतो.

उच्चारांत मराठी माणसाला एक जन्मजात सोय आहे आणि एक जन्मजात अडचण. सोय अशी की ‘चमचा’ आणि ‘चूल’ यांतला दंततालव्य ‘च’ आपल्याला येतो, त्यामुळे जपानीतला ‘त्सु’ शिकावा लागत नाही. अडचण दीर्घ स्वरांची. बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाकडे आपले फारसे लक्ष नसते, आणि ‘ओ’ला तर आपल्याकडे दोन लांब्याच नाहीत. जपानीत लांबी बदलली की शब्द बदलतो, हे माझ्या ‘कोओसुउ’ने मला कायमचे शिकवले. कामातले शब्द बोटांवर मात्रा मोजत म्हणा. सुरुवातीला कृत्रिम वाटते, पण हाच रस्ता आहे.

तांत्रिक शब्द इंग्रजीच आहेत, त्यामुळे तिथे तरी अडचण नाही, असे समजू नका. जपानीत रुजलेला इंग्रजी शब्द हा जपानी शब्द असतो आणि तो त्यांच्याच उच्चारात म्हणावा लागतो. सर्व्हर ‘साआबाआ’, डेटाबेस ‘देएताबेएसु’, थ्रेड ‘सुरेद्दो’, व्हर्जन ‘बाआजोन’, डिप्लॉय ‘देपुरोइ’. आपल्या पद्धतीने भरभर म्हटलेला ‘थ्रेड’ समोरच्याला खरोखर कळत नाही, आणि तो सभ्यपणे गप्प राहतो. दुसऱ्या बाजूने, जिथे आपण इंग्रजी शब्द धरून बसतो तिथे त्यांच्याकडे स्वतःचे शब्द आहेत: दोषाला ‘फुगुआइ’, चालू सेवेतल्या बिघाडाला ‘शोओगाइ’, प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रणेला ‘होन्बान कान्क्योओ’, बदल मागे घेण्याला ‘किरिमोदोशि’, आणि कामाचे टप्पे म्हणजे ‘योओकेन तेइगि’, ‘किहोन सेक्केइ’, ‘शोओसाइ सेक्केइ’, ‘तान्ताइ तेसुतो’, ‘केत्सुगोओ तेसुतो’ (अनुक्रमे गरजांची निश्चिती, मूळ रचना, तपशीलवार रचना, एकेका घटकाची चाचणी आणि जोडणी-चाचणी). एन-2च्या पुस्तकांतून हे शब्द एकत्र असे मिळणार नाहीत. तुमच्या कामाशी संबंधित असे साधारण दीडशे शब्द स्वतः गोळा करा; महिन्यात तेवढे नीट होतात.

मुलाखतीत लेखी किंवा ऑनलाइन कोडची चाचणी असेल तर तीन शब्दांकडे विशेष लक्ष द्या. ‘इजोओ’ (तितके किंवा जास्त) आणि ‘इका’ (तितके किंवा कमी) यांत तो आकडा धरलेला असतो, ‘मिमान’मध्ये (त्याहून कमी) धरलेला नसतो. ‘10 इजोओ’ म्हणजे 10 किंवा त्याहून जास्त. आपण घाईत ‘10 पेक्षा जास्त’ असा अर्थ लावतो आणि नेमकी काठावरची चाचणी फसते. तर्क उत्तम असूनही गुण जातात.

आदरार्थी बोलीची, म्हणजे ‘केइगो’ची, भीती मात्र मनातून काढून टाका. परदेशी उमेदवाराने ‘देसु’ आणि ‘मासु’ लावून, स्वच्छ आणि सलग बोलणे पुरेसे असते. बिचकत बोललेल्या अतिनम्र वाक्यांपेक्षा ते कितीतरी बरे. तरी दोन गोष्टी सांभाळा. पहिली अशी की, समोरच्या कंपनीला बोलताना ‘ओन्शा’ म्हणतात आणि लिहिताना ‘किशा’; अर्जात लिहिलेला ‘किशा’ पाठ करून तसाच बोलला जातो आणि कानाला खटकतो. दुसरी अधिक खोल आहे. मराठीत आदर व्यक्तीला चिकटलेला असतो: आमचे साहेब घरी असोत, कचेरीत असोत की परक्यांसमोर असोत, ‘साहेब आले आहेत’ असेच आपण म्हणतो. जपानीत आदर आत-बाहेर पाहून ठरतो. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या वरिष्ठांनाही ‘सान’ लावत नाहीत आणि त्यांच्या कृतीला नम्रतेची क्रियापदे लावतात. आपल्या संस्कारांना ते उद्धट वाटते, म्हणून आधी सवय करा. सध्याच्या व्यवस्थापकांचा उल्लेख नुसत्या ‘जोओशि’, म्हणजे वरिष्ठ, या शब्दाने केला तर प्रश्नच मिटतो.

‘हाइ’बद्दल पुन्हा लिहिते, कारण तो शब्द दोन कामे करतो. गोष्ट सांगणाऱ्याला आपण ‘हं, बरं, मग?’ असा हुंकार देतो, तसाच हुंकार जपानीतही अपेक्षित असतो. तो दिला नाही तर ऐकू येत नाही की काय, असे समोरच्याला वाटते, विशेषतः पडद्यावर. तो ‘हाइ’ म्हणजे ‘ऐकतो आहे’. प्रश्नाच्या शेवटी आलेला ‘हाइ’ मात्र ‘होय’ किंवा ‘समजले’ असा धरला जातो. तेव्हा प्रश्न चालू असताना हुंकार द्या, आणि प्रश्न संपल्यावर न समजता ‘हाइ’ म्हणू नका. होकारासाठी मान डावी-उजवीकडे डोलावण्याची आपली सवयही महिनाभर आवरून पाहा. तिकडे ती नकार किंवा शंका म्हणून वाचली जाते. वरून खाली, एकदाच, सावकाश.

प्रश्नानंतरच्या शांततेला घाबरू नका. तिथे प्रश्न विचारून लोक खरोखर थांबतात, चार-पाच सेकंद कोणी काही बोलत नाही, आणि आपला जीव कासावीस होऊन आपण मिळेल ते इंग्रजी वाक्य फेकतो. ती शांतता तुम्हाला विचार करायला दिलेली असते. ‘सोओ देसु ने’, म्हणजे ‘हं, असं बघा’, असे म्हणून ती घ्या.

आता महिन्याची आखणी. तुमचा ‘शोकुमु केइरेकिशो’, म्हणजे केलेल्या कामांचा तपशीलवार कागद, मुलाखत घेणाऱ्यांसमोर उघडा असतो आणि प्रश्न त्यातल्याच ओळींवर येतात. म्हणून पहिले दहा दिवस त्यातला एकेक प्रकल्प घ्या आणि तो आधी मराठीत, घरातल्या कुणाला तरी, आईला किंवा भावाला, दोन मिनिटांत समजेल असा सांगा. हा सल्ला अनेकांना विचित्र वाटतो. पण आपल्या कामाबद्दल मराठीत सलग बोलणे बहुतेकांना जमत नाही, आणि जे आपल्या भाषेत सुसूत्र सांगता येत नाही ते परक्या भाषेत सांगता येणार नाही. सांगताना कोणता टप्पा तुम्ही केला, टीम किती जणांची होती आणि तुमची जबाबदारी कोणती होती, हे तिन्ही आलेच पाहिजे. आपण सगळे ‘आम्ही केले’ असे बोलतो. जपानीत कर्ता गाळला की कोणी केले ते मुळीच कळत नाही, म्हणून ‘वाताशि वा... ओ तान्तोओ शिमाशिता’, म्हणजे मी अमुक सांभाळले, हे वाक्य स्पष्टपणे वापरा. पुढचे दहा दिवस तेच प्रकल्प जपानीत सांगून फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लिहून पाठ करू नका. पाठ केलेले उत्तर पहिल्याच उपप्रश्नावर कोसळते आणि ते पाठ केलेले आहे हे आवाजावरून लगेच ओळखू येते. फक्त स्वतःची ओळख, ‘जिको-शोओकाइ’, एका मिनिटाची, अक्षर न अक्षर पाठ असू द्या, कारण पहिले मिनिट निर्विघ्न गेले की श्वास जागेवर येतो.

शेवटचे दहा दिवस माणसासमोर बोला. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची वानवा नाही. रानडे इन्स्टिट्यूटमधून किंवा इतरत्र शिकलेली, कामावर जपानी वापरणारी एखादी तरी व्यक्ती तुमच्या ओळखीत निघेल. तिला सांगा की सोपे प्रश्न विचारू नका आणि प्रत्येक सत्रात दोन-तीन मला न येणारे शब्द मुद्दाम घाला. वर दिलेली खातरजमेची वाक्ये तिथे वापरून रुळली पाहिजेत.

‘शिबोओ दोओकि’, म्हणजे इथेच का यायचे आहे, या प्रश्नाला जपानची शिस्त, स्वच्छता आणि वक्तशीरपणा यांचे गुणगान करू नका. ते खरे असेल, पण प्रत्येक उमेदवार तेच सांगतो आणि त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. कंपनी काय बनवते ते नीट वाचा आणि तुमच्या चार वर्षांतला कोणता अनुभव त्याला जाऊन भिडतो, ते दोन वाक्यांत सांगा. अखेरीस ‘काही प्रश्न आहेत का’ असे विचारले जाईल, त्याला ‘ग्याकु-शित्सुमोन’ म्हणतात. तिथे ‘नाही’ म्हणू नका. गरजांचे दस्तऐवज कोण लिहिते, कोडची तपासणी कशी होते, नव्या माणसाने सुरुवातीचे तीन महिने कोणाबरोबर काम करायचे असते, असे खरोखर कामाचे प्रश्न विचारा. तुम्हालाही ती कंपनी निवडायची आहे, आणि या उत्तरांवरून पुष्कळ कळते.

मुलाखतीची वेळ कळली की लगेच आपल्या वेळेत बदलून लिहा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथले सकाळचे 10 म्हणजे आपले 6.30. इतक्या सकाळी जीभ जड असते. पाच वाजता उठा, चहा घ्या आणि अर्धा तास मोठ्याने जपानी बोला, मग ते काहीही असो. कागद-पेन जवळ ठेवा आणि प्रश्न ऐकताना शब्द टिपत जा. ‘मेमो ओ तोत्ते मो योरोशिइ देशोओ का’ असे आधी विचारलेत तर त्यांना ते आवडतेच. संपल्यावर किंचित वाकून आभार माना आणि शक्यतो समोरच्यांनी जोडणी बंद करेपर्यंत थांबा. मग लगेच, ऑफिसला निघण्यापूर्वी, न समजलेले सगळे शब्द जसे ऐकू आले तसे देवनागरीत लिहून काढा आणि संध्याकाळी शोधा. दुसरी फेरी झाली तर त्यातले बरेचसे शब्द तिथे पुन्हा भेटतील. मी माझ्या वहीत त्या दिवशी लिहिलेला पहिला शब्द ‘निन्गेत्सु’ होता.